कच्चा लिंबू आणि उडती गाडी : ‘रॉकेट लीग’मधल्या मजेचा शोध

लहानपणी लगोरी किंवा आट्यापाट्या खेळताना गटात एखादं फारच लहान मूल असलं, तर त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून खेळात घेत. त्याला बाद करता येत नसे. तो धावे, सापडे, पडे, पुन्हा धावे. त्याच्यावर राज्य येत नसे. मी चार भावंडांत धाकटा, त्यामुळे हे पद मी बराच काळ भूषवलेलं आहे. त्या काळात मला फार मजा आली असं मात्र आठवत नाही. चुकलं तरी चालतं हे सुख होतंच. पण मी एखाद्याला हुलकावणी देऊन पार गेलो, तरी ते कोणी धरत नसे. आपण खेळात आहोत आणि नाहीही, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

गेली वीस-बावीस वर्षं मी गावोगावच्या मैदानी खेळांचे नियम गोळा करतो आहे. या कामासाठी लागणारी पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तकं वाचून, म्हाताऱ्या माणसांना विचारून जे जमलं ते केलं. त्यामुळे मी एका व्हिडिओ गेमवर लिहायला बसलो, याचं परिचितांना आश्चर्य वाटलं आणि बहिणीला काळजी. ‘या वयात गाड्या कसल्या उडवतोस?’ हा तिचा प्रश्न. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे.

२३ सप्टेंबर २०२० रोजी ‘रॉकेट लीग’ सर्वांसाठी मोफत झाला. करोनामुळे कॉलेजं बंद होती आणि भाचा आमच्याकडे राहायला होता. ‘मामा, एकदा खेळून बघ’ म्हणाला आणि हातात कंट्रोलर दिला. त्या पहिल्या सामन्याच्या पाच मिनिटांत माझ्या गाडीने चेंडूला एकदाही स्पर्श केला नाही. दोनदा मी भिंतीवर चढलो, एकदा स्वतःच्याच गोलमध्ये उलटा पडलो. सामना संपला आणि मी लगेच दुसरा सुरू केला. या ‘लगेच’चं कारण काय, हे मला तेव्हापासून शोधायचं होतं.

खेळाची मांडणी

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा गाड्यांनी खेळायचा फुटबॉल आहे. दोन्ही बाजूंना बहुधा दोन-दोन किंवा तीन-तीन गाड्या, प्रत्येक गाडी चालवणारा खेळाडू जगात कुठेतरी आपापल्या घरी बसलेला. मैदान चारी बाजूंनी आणि वरूनही बंद आहे, भिंतींचे कोपरे गोलाकार आहेत. त्यामुळे चेंडू बाहेर जात नाही, थ्रो-इन नाही, कॉर्नर नाही, पंच नाही, शिट्टी नाही. गाडी भिंतीवर चालते, उडी मारते आणि मागच्या रॉकेटच्या जोरावर हवेत उडते. चेंडू गाडीच्या लांबीच्या सुमारे दीडपट व्यासाचा आहे. सामना पाच मिनिटांचा. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या सायऑनिक्स या कंपनीने हा खेळ ७ जुलै २०१५ रोजी बाजारात आणला. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी प्लेस्टेशन ३ साठी जवळजवळ असाच एक खेळ काढला होता. त्याचं नाव ‘सुपरसॉनिक ॲक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स’. एका दमात न म्हणता येणाऱ्या या नावाच्या खेळाला थोडे पण निष्ठावंत खेळाडू मिळाले. उडी, रॉकेट, भिंतीवरून जाणं, हवेत चेंडू गाठणं हे सारं त्यातही होतं. म्हणजे मूळ कल्पना सात वर्षं तयार होती. नंतर झाली ती घासून-पुसून साफ करण्याची मेहनत. २०१९ मध्ये ‘एपिक गेम्स’ने सायऑनिक्स विकत घेतली आणि पुढच्या वर्षी खेळ मोफत झाला.

लाथ मारायचं बटण नाही

फुटबॉलच्या नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये एक बटण दाबलं की खेळाडू पास देतो, दुसरं दाबलं की गोलवर फटका मारतो. पाय कसा वळला, चेंडू पायाच्या कुठल्या भागाला लागला, हे संगणक पाहून घेतो. आपण हुकूम सोडतो, कुशल माणूस तो पाळतो.

‘रॉकेट लीग’मध्ये फटक्याचं बटण नाही. वेग वाढवणं, कमी करणं, वळणं, घसरवणं, उडी आणि रॉकेट, एवढंच आपल्या हातात असतं. चेंडूला गाडी धडकते आणि त्या धडकेचा जो परिणाम होईल तो फटका. गाडीचं नाक लागलं की कोपरा, वर जाताना लागलं की खाली येताना, यावर चेंडू कुठे जाणार ते ठरतं. मला चेंडू मारता येत नव्हता, याचा अर्थ अगदी शब्दशः मला तो मारता येत नव्हता. माझ्या वतीने कोणी मारून देत नव्हतं.

या धडकेच्या मागचं तंत्र सायऑनिक्सचे अभियंते जॅरेड कोन यांनी २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानात उलगडून सांगितलं आहे. खेळातलं भौतिकशास्त्राचं गणित दर सेकंदाला १२० वेळा मांडलं जातं. त्याहून रंजक गोष्ट अशी, की केवळ भौतिकशास्त्रावर सोडलेली धडक समाधानकारक वाटत नव्हती. म्हणून गाडी चेंडूला लागली की चेंडूला आणखी एक ठरावीक धक्का दिला जातो, जेणेकरून खेळणाऱ्याने जिकडे नेम धरला आहे तिकडे चेंडू जाण्याची शक्यता वाढावी. म्हणजे या खेळातला निसर्ग घडवलेला आहे. पण तो सगळ्यांना सारखाच लागू आहे आणि दर वेळी तसाच वागतो. त्याच कोनातून, त्याच वेगाने धडकलात तर चेंडू आज जिथे गेला तिथेच उद्याही जाईल. चेंडूमध्ये नशीब भरलेलं नाही.

गाड्याही तशाच. दुकानात शेकडो प्रकारच्या गाड्या, चाकं, रंग, टोप्या मिळतात. त्यांतल्या एकानेही गाडी जास्त पळत नाही. धडकेच्या हिशेबासाठी सगळ्या गाड्या सहा ठरावीक आकारांत बसवलेल्या आहेत आणि सर्वांचा कमाल वेग एकच आहे. मी पहिल्या दिवशी चालवली तीच गाडी आजही चालवतो. इतर अनेक खेळांत तासन्‌तास घालवले की आपल्या पात्राची ताकद वाढते, तलवार धारदार होते. इथे चार वर्षांनी काही वाढलं असेल तर ते खेळणाऱ्याच्या बोटांत आणि डोळ्यांत.

अशा तुटपुंज्या नियमांतून खेळाडूंनी काय काय काढलं, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एकच उदाहरण देतो. गाडीची चाकं पृष्ठभागाला टेकली की तिला उडीची मुभा परत मिळते, असा साधा नियम आहे. चेंडू हाही एक पृष्ठभागच आहे, हे खेळाडूंच्या लक्षात आलं. मग हवेत उलटं होऊन चारही चाकं चेंडूच्या पोटाला टेकवायची, उडी परत मिळवायची आणि तिथूनच फटका मारायचा, अशी चाल रूढ झाली. तिला ‘फ्लिप रिसेट’ म्हणतात. नियम गोळा करणाऱ्या माणसाला याचा आनंद वेगळा सांगायला नको. नियम थोडे आणि पक्के असले की खेळणारे त्यांच्या फटींतून नवा खेळ काढतात, हे मी आट्यापाट्यांतही पाहिलं आहे.

मागे धावून उपयोग नाही

या खेळाला सर्रास ‘वेगवान’ म्हणतात आणि त्याची मजा वेगात आहे असं समजतात. माझं मत वेगळं आहे. खेळाच्या अंतर्गत मोजमापांप्रमाणे गाडीचा कमाल वेग सेकंदाला २,३०० एकक आणि चेंडूचा ६,००० एकक आहे. एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंतचं अंतर १०,२४० एकक. म्हणजे पूर्ण वेगातल्या गाडीला मैदान ओलांडायला साधारण साडेचार सेकंद लागतात, तर जोरात मारलेला चेंडू दोन सेकंदांच्या आत पार होऊ शकतो. चेंडूच्या मागे धावणारा नेहमी उशिराच पोचतो.

त्यात रॉकेटचं इंधन मोजकं. टाकी १०० ची. सतत दाबलं तर तीन सेकंदांत रिकामी. मैदानावर पूर्ण टाकी भरणाऱ्या जागा फक्त सहा आणि एकदा घेतलं की तिथे दहा सेकंद पुन्हा मिळत नाही. बाकी २८ लहान ठिपके, प्रत्येकी १२ देणारे. चांगला खेळाडू मोठ्या टाकीकडे धावत नाही, ठिपके वेचत वेचत योग्य जागी जाऊन थांबतो.

पहिलं वर्षभर मी चेंडूच्या मागे धावलो. त्यानंतर हळूहळू चेंडू ‘वाचता’ यायला लागला. तो भिंतीवर कुठे लागेल, तिथून कुठे उतरेल, आणि तो उतरेल तेव्हा मी तिथे असू शकेन का? चेंडू नेमाने वागतो म्हणूनच तो वाचता येतो. भाच्याची बोटं माझ्याहून कितीतरी चपळ आहेत, पण चेंडू कुठे पडणार हे कधी कधी मला त्याच्या आधी कळतं. पन्नाशीनंतर शरीराने साथ सोडायला सुरुवात केली असताना एखादी गोष्ट आपल्याला पूर्वीपेक्षा बरी जमते आहे, हा अनुभव मला तरी दुर्मीळ वाटतो.

गरगरणं आणि स्पर्धा

रोजे काय्वा या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि गरगरणं. मुलं स्वतःभोवती गोल फिरून तोल घालवतात, तो चौथा वर्ग. काय्वाच्या मते स्पर्धा आणि गरगरणं यांची जोडी जमू शकत नाही. स्पर्धेला ताबा लागतो आणि गरगरणं म्हणजे तर ताबा सोडून देणं.

‘रॉकेट लीग’मध्ये गाडी हवेत तीन अक्षांभोवती कोलांट्या घेते, वर-खाली कळेनासं होतं. तरीही ही निखळ स्पर्धा आहे. काय्वा चुकला का? मला वाटतं, उत्तर एका लहानशा सोयीत आहे. कॅमेरा चेंडूवर खिळवून ठेवणारं एक बटण या खेळात आहे. ते चालू असताना गाडी कशीही फिरो, नजर चेंडूवरच राहते. सगळं जग फिरतं आणि मध्ये चेंडू तेवढा स्थिर. जत्रेतल्या चक्रात बसल्यावर लांबच्या एखाद्या दिव्यावर नजर लावली की मळमळत नाही, तसं हे आहे. गरगरण्याची नशा राहते आणि ताबाही हातात उरतो. काय्वाने मनाई केलेली जोडी इथे जमली आहे, आणि ती जमवण्याचं श्रेय माझ्या मते रॉकेटपेक्षा या कॅमेऱ्याला जास्त आहे.

सोडून देणं

अभ्यासाची सवय म्हणून मी एक वही ठेवली होती. प्रत्येक सामन्यानंतर, त्यातलं जे आधी आठवेल ते एका ओळीत लिहायचं. काही महिन्यांनी वही चाळली तेव्हा आश्चर्य वाटलं. मी केलेल्या गोलांच्या नोंदी त्यात फार थोड्या होत्या. ‘उडालो, चेंडू चार बोटांवरून गेला, मागच्याने अडवला’, ‘मी सोडला, त्याने घेतला, गोल’, ‘तिघेही एकाच चेंडूवर’, अशाच ओळी जास्त.

या खेळात कोणाला जागा नेमून दिलेली नाही, गोलकीपरही नाही. खेळाडूंनीच फिरतीची पद्धत पाडली आहे. पुढच्याने प्रयत्न करायचा आणि जमो वा न जमो, वळून मागे यायचं. दुसऱ्याने पुढे व्हायचं. नवशिक्याला चेंडू सोडवत नाही. तिघेही त्यावर तुटून पडतात आणि मागे गोल उघडा राहतो. ज्या दिवशी मी पहिल्यांदा समोरचा चेंडू मुद्दाम सोडून मागे वळलो आणि एका अनोळखी माणसाने तो अचूक उचलला, त्या दिवशी मला हा खेळ कळायला लागला. त्या माणसाचा देश मला ठाऊक नाही. पुढची पाच मिनिटं आम्ही एकमेकांच्या चुका निस्तरत होतो.

चूक स्वस्त, निकाल खरा

आता सुरुवातीच्या ‘लगेच’कडे येतो. माझं म्हणणं असं, की या खेळाची मजा दोन गोष्टी एकत्र येण्यात आहे : चूक स्वस्त आहे आणि निकाल खरा आहे. चेंडू हुकला तर चार-पाच सेकंदांत पुन्हा संधी. गोल झाला तर थोड्याच सेकंदांत नवी सुरुवात. सामना गेला तर पाच मिनिटंच गेली. पण जे घडलं ते माझ्या हातूनच घडलं, आणि ते फलकावर लागतं. कच्च्या लिंबाला चूक फुकट मिळते, पण त्याचा निकाल खरा नसतो. परीक्षेत, नोकरीत निकाल खरा असतो, पण चूक परवडत नाही. दोन्ही एका वेळी मिळण्याच्या जागा मोठ्या माणसाला फार थोड्या असतात.

निकालाचा खरेपणा किती ताणता येतो याचा नमुना म्हणजे घड्याळाचा नियम. वेळ शून्यावर आली तरी चेंडू जमिनीला टेकेपर्यंत खेळ थांबत नाही. जून २०१८ मध्ये लंडनला झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत एनआरजी संघाच्या ‘जस्टिन’ या टोपणनावाच्या खेळाडूने घड्याळ शून्यावर असताना, चेंडू जमिनीला टेकायच्या आत गोल करून बरोबरी साधली. समालोचक अक्षरशः ओरडत होते. आणि तरीही जादा वेळेत डिग्निटास संघ जिंकला. सर्वांच्या लक्षात राहिला तो हरलेल्या संघाचा गोल. करंडक मात्र दुसऱ्यांनी नेला. कोणालाही काही माफ नाही, पण कोणाचं काही वायाही गेलं नाही.

या विधानाची कसोटी उलट बाजूनेही घेता येते. मजा नेमकी कधी मरते? इंटरनेट अडखळलं की चेंडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो. निकाल खरा राहत नाही आणि मी ताबडतोब खेळ बंद करतो. तरबेज खेळाडू नव्या खात्याने नवशिक्यांत येऊन खेळतात, तेव्हाही तसंच. दुसऱ्या बाजूने, चूक महाग झाली की मजा मरते. ब्राँझपासून सुपरसॉनिक लेजंडपर्यंतची श्रेणी हे त्याचं एक कारण. मी दोन वर्षं प्लॅटिनममध्ये अडकलो आहे आणि श्रेणी घसरण्याच्या भीतीने बचावात्मक, रटाळ खेळलेल्या संध्याकाळी मला आठवतात. दुसरं कारण म्हणजे तयार संदेश. कळा दाबून ‘व्हॉट अ सेव्ह!’ असं पाठवता येतं. ते कौतुकासाठी आहे. पण चेंडू हुकलेल्याला तेच लागोपाठ तीनदा पाठवलं की शिवी होते. मला ती पुष्कळदा मिळाली आहे. शेवटी मी संदेश दिसणंच बंद केलं. त्याबरोबर प्रामाणिक शाबासकीही गेली, याचं वाईट वाटतं.

व्यवहाराबद्दलही बोलायला हवं. २०१६ पासून २०१९ च्या अखेरपर्यंत खेळात बंद पेट्या मिळत. त्या उघडायची किल्ली पैशांनी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. ज्या खेळाने चेंडूतून नशीब कटाक्षाने बाहेर ठेवलं, त्यानेच ते दुकानात मांडलं, ही विसंगती मला बोचते. पेट्या गेल्या, डिसेंबर २०२३ मध्ये खेळाडूंनी आपापसांत वस्तूंची अदलाबदल करण्याची सोयही काढून घेतली गेली. दुकान मात्र आहेच. मैदानावर त्याचा वारा अजून लागलेला नाही, एवढं समाधान.

एक गोष्ट सांगायची की नाही, हे ठरत नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी आट्यापाट्यांच्या पाटीचं एक माप चुकीचं सांगितलं. एका प्राध्यापकांनी भर सभेत ते दुरुस्त केलं आणि पुढे म्हणाले, ‘अभ्यासाची शिस्त नसली की असं होतं.’ दुरुस्ती बरोबर होती. त्यानंतर मी चार वर्षं कुठल्याही चर्चासत्राला गेलो नाही. लिहिलेलं पाठवलं नाही. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला गुरू नसतो, त्यामुळे चुकत चुकत शिकण्याची खाजगी जागाही नसते. त्याची प्रत्येक चूक चारचौघांत होते आणि पदवी नसल्याच्या खात्यावर जमा होते. त्या चार वर्षांतच हा खेळ माझ्या हाती आला. संध्याकाळी तासभर मी शंभर चुका करत असे, त्या सगळ्या खऱ्या असत, आणि एकीचीही दुसऱ्या दिवशी थकबाकी नसे. या खेळाने मला धीट केलं असा दावा मी करणार नाही. खेळांकडून अशी कामं मागू नयेत. चुकण्याची सवय मात्र परत लागली, हे खरं.

हा लेख मी बहिणीला वाचून दाखवला. काय्वाच्या परिच्छेदाला तिने एक जांभई दिली, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘ते सगळं ठीक आहे रे, पण काल जिंकलास की हरलास?’

हरलो होतो. ३-२. शेवटचा चेंडू माझाच होता, आणि मी अर्धा क्षण आधी उडालो.